स्वर्गातली एस.टी.

अक्कलकोट रोडवरच्या त्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी इथून टॉवेल निघत. आता आत्मे निघत होते. समोर चौरंगावर हार घातलेला, हळदकुंकू वाहिलेला एक कॉम्प्युटर होता.

"बघून घ्या!" तरंगनाथबाबा गरजले. "इंटरनेट न्हाय, वायर न्हाय, कुणाचा हात न्हाय! विजेची तेवढी एक तार, बाकी सगळं वरनं येतंय. आन् वरची लाईन कधी बिझी नसती!"

माणसं हसली आणि हसता हसता हात जोडून बसली.

इथली एक रीत होती. चपला दाराबाहेर, मोबाइल परडीत, आणि तोही कुलूप काढून. 'कुलूपबंद घरात आत्मा शिरत नाही,' असं बाबांचं वचन. भरलेली परडी मग 'शुद्धीला' म्हणून पडद्यामागं जायची.

पायल भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर नणंदेचं, सुकन्याचं डोकं. सतरा वर्षांची पोर रात्रीपासून ओकत होती. श्वास भात्यासारखा खोल चालला होता आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. पायल बी.एस्सी. झालेली, त्या वासाचा अर्थ तिला कळत होता. इन्सुलिन थांबलं होतं आणि शरीर स्वतःचीच चरबी जाळत सुटलं होतं.

"सुके, अजून येळ हाय. दवाखान्यात चल."

"न्हाय वैनी. दादा नको म्हणालाय."

दादा म्हणजे मल्हार. सुकन्याचा भाऊ, पायलचा नवरा. वर्षापूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. परवा सासूबाई, मायाक्का, सुकन्याला घेऊन इथं आल्या, तेव्हा या कॉम्प्युटरमधून त्याचा आवाज आला, आणि बाबांनी त्याचा निरोप सांगितला: सुई बंद करा. काल पायलनं जबरदस्तीनं इन्सुलिन द्यायला घेतलं, तर सुकन्यानं बाटली फरशीवर आपटली. 'वडून न्यायला बघशील तर रिक्षातनं उडी टाकीन,' म्हणाली. आज पायल सोबत आली होती, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"मायाक्का, पुढं या!" बाबांनी पुकारलं.

कॉम्प्युटरवर मल्हारचे फोटो आले. खांद्यावर कोकरू घेतलेला, मग मुंडावळ्या बांधलेला. शेडमधून 'आई गं!' उमटलं. आणि स्पीकरमधून आवाज आला.

"आये, जेवलीस का?"

 वर्षभर पायलनं हा आवाज ऐकायचं टाळलं होतं. क्षणभर तिलाही वाटलं, खरं असू दे. विज्ञान गेलं खड्ड्यात, तो कुठंतरी असू दे.

तेवढ्यात त्या आवाजामागं हॉर्न वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "अक्कलकोट, अक्कलकोट!"

बाबांच्या चेल्यानं झटकन स्पीकरचं बटण फिरवून आवाज बंद केला.

"आत्म्याला जास्त बोलवत न्हाय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पुढचं मला कळलं. सुई बंदच ठेवा. वांती म्हंजे रोग भायेर पडतोय!"

पायलला गेल्या वर्षीचा वळसंगचा एस.टी. स्टँड आठवला. उसाच्या रसाचा ग्लास, ओठांशी फोन धरून आईला निरोप बोलून पाठवणारा मल्हार आणि शेजारी ती स्वतः. तिच्यासाठी तो आज दुसऱ्यांदा गेला.

"बाबा," ती उभी राहिली, "स्वर्गातनं अक्कलकोटची गाडी कधी सुरू झाली?"

"गप ए! इघ्न आणतीया!" गर्दीतून कुणीतरी खेकसलं.

"शिकलेली दिसती," बाबा हसले. "शिकलेल्याला देव दिसत न्हाय, नुसतं बसचं टायमटेबल दिसतं."

परडी बाहेर आली होती. पायलनं मायाक्कांचा फोन उचलला आणि मल्हारचा तो वळसंगहून आलेला बोलका निरोप शोधला. 'पाठवा' दाबताच जवळच्या यंत्रांत पहिलं नाव आलं: तरंग. तिनं ते दाबलं.

हार घातलेला कॉम्प्युटर टिणकला. चेला बटणाकडं धावला, पण पुढं बसलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "आरं, आत्मा बोलाय लागलाय आन् तू त्याला गप करतो व्हय?"

म्हाताऱ्यानंच बटण फिरवून आवाज वाढवला.

"आये, जेवलीस का? आमी वळसंगला हाय, उशीर व्हईल. सुकीला आधी सुई दे, मगच वाढ. ती कंटाळा करती, तिचं लाड करू नको."



"ह्ये मी ऐकलंय," मायाक्का पुटपुटल्या. "गेल्या साली. चुलीपुढं बसून."

पायलनं फोन वर धरला, बाबांचा फोटो काढला आणि पाठवला. दुसऱ्या क्षणी हारामध्ये बाबांचं वासलेलं तोंड झळकलं.

"बाबा तर जित्तेपणीच वर पोचले की!" कुणीतरी म्हणालं.

"वर कुणी न्हाय," पायल म्हणाली. "फोन आन् कॉम्प्युटर जवळ असले की बिनतारी लहरींवर एकमेकाला फाइल देतात. त्याला इंटरनेटही लागत नाही. पडद्यामागं ह्यांची माणसं तुमचे उघडे फोन चाळतात, निरोप वाचतात, फोटो निवडून पाठवतात. एरवी कॉम्प्युटर 'घेऊ का?' विचारतो. हितं त्याला कुणी हात लावताना दिसायला नको, म्हणून कुणाचंही घ्यायचं आन् आपोआप उघडायचं, अशी सोय करून ठेवलीय. म्हणून माझंही घेतलं."

माणसं परडीवर तुटून पडली. बाबा पडद्याकडं सरकत होते, पण पायलचं तिकडं लक्ष नव्हतं. ती खाली वाकली होती.

सुकन्यानं डोळे किलकिले केले. "वैनी... दादा घे म्हणाला की गं." आणि तिनं सुईसाठी दंड पुढं केला.

सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. सुकन्याचा श्वास हळूहळू शांत होत गेला. मायाक्का बाकावर फोन छातीशी धरून बसल्या होत्या.

"पुन्हा लाव की, पोरी."

"लावते, आत्या. पण हा त्याचा आवाज हाय. तो न्हाय."

मायाक्कांनी मान हलवली, आणि मग दोघी रडल्या.

गेलेल्या माणसाचा आवाज जपून ठेवावा, हवा तितक्या वेळा ऐकावा. पण तो कुणी चमत्कार म्हणून ऐकवू लागला, तर आपला फोन मघाशी कुठं होता, एवढं विचारावं. आणि ऐकायचाच असेल, तर शेवटपर्यंत ऐकावा.