पालथी वाटी

विशाखानं खिरीच्या पातेल्यावर झाकण आपटलं, तशी ओट्यावरची वेलदोड्याची बशी थरथरली.

"अगं, हळू," कलावतीबाई म्हणाल्या. "पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"पातेल्यानं नाही, आई. तुमच्या मुलानं मारलंय."

बाहेर हॉलमध्ये कलावतीबाईंचा मुलगा, म्हणजे विशाखाचा नवरा रुपेश, मंडळातल्या चौघांना घेऊन मूर्ती सरकवत होता. "जरा डावीकडे... यल्ला, यल्ला... बस, खलास!" त्याचा आवाज आनंदानं नुसता उतू जात होता. का नाही जाणार? मस्कतमधल्या अल खौदच्या या भाड्याच्या व्हिलात दर पौर्णिमेला जमणाऱ्या मराठी बौद्ध मंडळींनी आजवर फ्रेममधल्या फोटोसमोर वंदना म्हटली होती. आज बुद्धपौर्णिमा, आणि आज प्रथमच समोर पांढऱ्याशुभ्र संगमरवराची, मंडालेच्या कारागिरांनी घडवलेली मूर्ती. कलावतीबाई तर तिच्यासाठीच महाडहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. सकाळपासून चार वेळा पदरानं तिचे पाय पुसून झाले होते.

मूर्ती देणारे ब्रह्मदेशचे उद्योगपती होते, ऊ टिन. रुपेशची अझैबा भागातली कंपनी त्यांना त्यांच्या समुद्रकाठच्या नव्या औद्योगिक वसाहतीसाठी प्रचंड जनरेटर विकणार होती. सही झाली की रुपेश मॅनेजर. आता दुपारी ऊ टिन इथं येणार आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना खीर वाढणार. ज्यानं दान द्यायचं त्यानंच वाढायचं, हा मंडळाचा पहिल्यापासूनचा रिवाज.

आणि ओट्याच्या टोकाला, मान खाली घालून, थीरी काजूचे तुकडे करत होती.

थीरी विशाखाच्याच हॉस्पिटलात नर्स होती. तीही ब्रह्मदेशची. पाली वंदना ती इतकी सुरेख म्हणायची की विशाखानंच तिला मंडळात आणलं होतं. आज सकाळी पिशवी हलवत, हसत आली आणि दारावरच्या बॅनरवर ऊ टिनचं नाव वाचून तिथंच थिजली.

मग स्वयंपाकघरात, मस्कतमध्ये शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सगळं सांगितलं. मधली दहा वर्षं काय दिवस होते म्हणाली! आधी एका सिमकार्डाला सोन्याची किंमत, मग ते चहाच्या भावात मिळायला लागलं. गावात बँक आली, तिला नर्सिंगला जाता आलं, बापानं आयुष्यात प्रथम मत दिलं. वाटलं, दार उघडलं आता. मग एका फेब्रुवारीत लष्करानं ते दार धाडकन लावून घेतलं. तिच्या गावची जमीन वसाहतीला हवी होती. आधी ऊ टिनची माणसं कागद घेऊन आली, मग सैनिक कागदाशिवाय आले. तिच्या बापानं लावलेली नारळाची झाडं एका सकाळीत आडवी झाली. आणि आता सक्तीच्या भरतीत धाकटा भाऊ उचलून नेलेला.

"मेरा भाई उनके पास है, दीदी," ती म्हणाली. "बराक में."

तेव्हापासून विशाखाचं डोकं तापलं होतं ते तापलंच होतं.

रुपेश घाम पुसत आत आला. "वाट्या काढल्या का? पाहुणे निघालेत हॉटेलवरून."

"तुला सकाळी सांगितलं ना हिचं काय झालंय ते?"

"ऐकलं गं बाई. वाईट वाटलं मला. पण मूर्ती दगडाची आहे, विशाखा. दगडाला काय माहीत पैसे कुणी दिले?"

"दगडाला नाही माहीत. तुला माहीत आहे ना?"

रुपेशनं फ्रिज उघडला, गार पाणी घटाघटा प्यायला. "हे बघ, तिकडे कारखाने येतायत, नोकऱ्या येतायत. एवढा मोठा विकास म्हटला की थोडंफार इकडचं तिकडे होतंच."

"थोडंफार म्हणजे हिचं गाव!"

"मग मी काय करू? जनरेटर मी नाही विकले तर दुसरा कुणी विकेल. आणि तू काय गं, या घराचं भाडं माझ्याच पगारातून जातं हे विसरलीस?"

यावर विशाखाच्या तोंडाशी बरंच आलं होतं. तिनं थीरीकडे पाहिलं आणि गिळलं. "निदान हिला तरी घरी जाऊ दे. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

रुपेश घुटमळला. "आता कसं जमेल? मी त्यांना कालच सांगून बसलोय, आमच्यात तुमच्या देशाची एक मुलगी आहे म्हणून. नावासकट. खूश झाले ते. कुठल्या गावची, घरी कोण कोण असतं, सगळं विचारलं. म्हणाले, तिला पुढेच बसवा, तिच्यासोबत फोटो काढू."

"आणि तू सांगितलंस?"

"अगं, मला काय माहीत! चांगल्या मनानं सांगितलं."

चांगल्या मनानं! विशाखाला वाटलं, हातातला डाव याच्या टाळक्यात घालावा. रुपेश निघून गेला. थीरीनं काजू गोळा करून वाटीत भरले. आता उठून घरी गेलं तर भावावर शेकेल, हे तिला विशाखाच्या आधीच कळलं होतं.

"मैं बैठेगी," ती म्हणाली. "हाथ जोड़ेगी. खीर लेगी." मग तिनं ओट्यावरची रिकामी वाटी उचलली आणि पालथी ठेवली. "हमारे भंते लोग ऐसा करता है. आर्मी का दान आया तो पात्र उल्टा. नहीं लेगा. उसका पुण्य बंद." तिनं वाटी पटकन सुलटी केली, जणू कुणी पाहिलं असतं. "मैं नहीं कर सकती."

"काय म्हणतेय गं पोरगी?" कलावतीबाईंनी विचारलं. इतका वेळ त्या खीर ढवळत होत्या. त्यांना हिंदी धड कळायची नाही.

विशाखानं सांगितलं. गाव, झाडं, भाऊ, भंते, वाटी. सांगताना तिचा आवाज चढत गेला. शेवटी ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या मूर्तीचे पाय पुसताय सकाळपासून!"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. कलावतीबाईंनी गॅस बारीक केला, पातेल्याच्या कडेची साय खरवडून आत सोडली.

"माझी आजी घरोघर भाकरी मागायची," त्या म्हणाल्या. "गावकीचं काम करायचं आणि संध्याकाळी पाटी घेऊन फिरायचं. शिळंपाकं घालायचे पाटीत, वरून, हात लांब करून. मग महाडला बाबासाहेबांची सभा झाली. दुसऱ्या दिवशी आजी खोताच्या दारात गेली आणि पाटी पालथी घातली उंबऱ्यावर. घरात पोरं उपाशी होती हां. पण पुन्हा उचलली नाही."

"मग?"

"मग काय? खोतानं झोपडं जाळलं." त्यांनी डाव पुसून ठेवला. "वाट्या घे बाहेर. पाहुणे येतील."

विशाखा वाट्या घेऊन निघाली. म्हातारीनं गोष्ट सांगितली आणि लागली कामाला! हिला राग येत नाही का? या घरात एकटीलाच राग येतो का?

ऊ टिन आले. गोरेपान, मऊ बोलणारे, रेशमी लुंगी नेसलेले. मूर्तीपुढे तीनदा डोकं टेकलं. त्रिशरण-पंचशील झालं. थीरीनं वंदना म्हटली, आवाज एकदाही कापला नाही. ऊ टिननी तिच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलून हसून मान हलवली आणि त्यांच्याबरोबरच्या माणसानं मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली.

पंगत बसली. पहिल्या जागी वयाचा मान म्हणून कलावतीबाई, मग विशाखा, मग थीरी, मग बाकीची मंडळी. प्रत्येकापुढे स्टीलची वाटी. विशाखाची वाटी सुलटी होती. सकाळभर तिनं झाकणं आपटली, नवऱ्याशी भांडली, आणि आता वाटी समोर ठेवून निमूट बसली होती. समोर रुपेश उभा होता, पातेलं धरून, तोंडभर हसत. त्या हसण्याकडे बघून तिचा हात काही उठेना.

ऊ टिन डावात खीर घेऊन कलावतीबाईंपुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

वाटी पालथी होती.

"आई," रुपेश हसत म्हणाला, "वाटी उलटी राहिलीय." त्यानं वाकून ती सुलटी केली.

कलावतीबाईंनी ती पुन्हा पालथी घातली. वर तळहात ठेवला.

"राहिली नाही," त्या म्हणाल्या. "घातलीय."

मंडळातल्या कुणाला काही उमगलं नाही. म्हातारीला डायबेटिस असेल, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. पण ज्याला कळायचं त्याला कळलं. ऊ टिनच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. डावातली खीर फरशीवर थेंब थेंब गळत होती. रुपेश एकदा आईकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. फोटो काढणाऱ्याचा मोबाइल खाली आला.

ऊ टिन एक पाऊल सरकले. विशाखापुढे डाव आला.

स्टीलची वाटी फरशीवर पालथी पडल्याचा आवाज झाला. बराच मोठा झाला. विशाखानं नवऱ्याकडे मुळीच पाहिलं नाही.

मग डाव थीरीपुढे आला. मोबाइल पुन्हा वर झाला. थीरीनं दोन्ही हातांनी वाटी उचलून धरली, मान लववली, खीर घेतली. वाटी भरली तरी तिचे हात तसेच वर होते, आणि वाटी एका बाजूला कलत गेली. खीर तिच्या मनगटावरून ओघळली.

कलावतीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. विशाखाला ओलांडून थीरीजवळ बसल्या, पदरानं तिचं मनगट पुसलं. मग आयुष्यात कधी धड न बोललेल्या हिंदीत, हळूच म्हणाल्या,

"तू मत कर, बाय. तू खा. तेरा हमने किया."