बिनवाऱ्याचा रविवार

“खाली बस, एन्डा. बसून मासे धरायचे असा नियम आहे.”

“मी धरतोय कुठे? मी दाखवतोय. ते बेट बघ. माझ्या चुलत्याची गाय तिथून पोहत घरी आली होती, भर पावसात, आणि ती नुसती आली नाही तर—”

“सकाळपासून तिसऱ्यांदा आली ती,” मागे इंजिनापाशी बसून होडी चालवणारी डेला म्हणाली. “दमली असेल बिचारी.”

फेस्टी मोरानने गळाची काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

लॉख आरिनवर वाऱ्याचं नाव नव्हतं. एवढं मोठं सरोवर ताटात ओतल्यासारखं सपाट पडलं होतं. वारा असला की होडी आपोआप आडवी वाहत जाते, बारीक लाटांत दोरी दिसत नाही, आणि गळाला बांधून पुढे टाकलेली पिसांची माशी ट्राउट माशाला खरी वाटते. वारा नसला की ट्राउटला सगळं दिसतं. होडी दिसते, दोरी दिसते, हातवारे करणारा एन्डा काइनसुद्धा दिसतो. त्यात यंदा वसंतात पाऊसच झाला नव्हता. एरवी जुलैत उघडे पडणारे काठाचे दगड आत्ताच पांढरे होऊन वाळत पडले होते, पाणी कोमट झालं होतं आणि मे महिन्यातल्या खऱ्या माश्या एप्रिल संपायच्या आतच उडायला लागल्या होत्या. फेस्टीने जन्मभर जमवलेले सगळे आडाखे यंदा बिनकामाचे ठरले होते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सोबतीला एन्डा.

स्पर्धेत कोण कोणाबरोबर होडीत बसणार हे सकाळी टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवतात. यंदा सगळ्या क्लबाला एकच धास्ती होती. चिटणीसाने “फेस्टी मोरान आणि... एन्डा काइन” असं वाचलं तेव्हा गर्दीतून सुटकेचा निःश्वास स्पष्ट ऐकू आला. कोणीतरी फेस्टीच्या पाठीवर थापही मारली, प्रेतयात्रेत मारतात तशी.

एन्डा बोलका होताच, पण पूर्वी असा नव्हता. फेब्रुवारीत त्याची बायको अटराक्टा गेली. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत फेस्टीही होता. तेव्हापासून एन्डाचं तोंड सुरू झालं ते थांबेचना. रॉकेलचे भाव, शेजाऱ्याचं कंबरेचं ऑपरेशन, मेयोच्या फुटबॉल संघाने घालवलेले सामने, आणि गाय. अटराक्टाबद्दल मात्र एक शब्द नाही. “सांभाळून घे हं त्याला,” असं फेस्टीच्या बायकोने, ब्रीजने, सकाळी त्याला डबा देताना बजावलं होतं. तिला काय जातंय सांगायला! फेस्टी तीस वर्षं शाळेची बस चालवत आला होता. पाठीमागे पन्नास पोरांचा कलकलाट ऐकत तो सोमवार ते शुक्रवार काढायचा, ते या सरोवरावरच्या शांततेच्या भरवशावर.

आणि आज तर प्रश्न नुसत्या शांततेचा नव्हता. क्लबातून चार जण राष्ट्रीय स्पर्धेला जातात, पाचवा राखीव. फेस्टी वर्षानुवर्षं राखीव होता. राखीव माणसाला संघाची टोपी मिळते, होडी मिळत नाही. यंदा गुणांच्या हिशेबात तो पाचवा होता आणि एन्डा त्याच्या पाठोपाठ सहावा. पुढल्या वर्षी गुडघे होडीत बसू देतील की नाही, कोण जाणे.

डेलाचा फोन वाजला. तिने ऐकलं, हुंकार भरला आणि फोन खिशात टाकला. “सगळ्या होड्यांवर भोपळा. मापात बसणारा एक ट्राउट ज्याला मिळेल तो संघात गेला म्हणून समजा.”

“ऐकलंस?” फेस्टी म्हणाला. “एक मासा. तासभर तोंड मिटलंस तर तुझं काही बिघडेल?”

“मिटलं,” एन्डा म्हणाला. “बघ, मिटलं. कठीण काही नाही त्यात. आमच्या शाळेत तर एक मास्तर होते, ते—”

“एन्डा!”

दुपार कलली. अंडी घालून दमलेल्या माश्या पंख पसरून पाण्यावर पडायला लागल्या. आणि मग फेस्टीला पहिलं वर्तुळ दिसलं. शिंतोडा नाही, आवाज नाही. नुसतं एक नाक वर येऊन गेलं. मोठा मासा असाच खातो, घाई न करता. थोड्या अंतरावर दुसरं वर्तुळ, तेवढ्याच अंतरावर तिसरं. मासा सरळ रेषेत येत होता, होडीच्या दिशेने. पुढचं वर्तुळ कुठे उमटणार हे आता गणितासारखं स्पष्ट होतं. फेस्टीने बसल्या बसल्या दोरी मागे घेतली, हवेत सरळ होऊ दिली आणि माशी अलगद त्या रेषेवर ठेवली. माशी पंख पसरून निपचित पडली. आता फक्त वाट बघायची. मासा माशी तोंडात घेईल, वळेल, तोवर हात हलवायचा नाही.

एक वर्तुळ. मग आणखी एक, जवळ. यानंतरचं त्याच्या माशीचंच.

“लागला!” एन्डा ओरडला. “फेस्टी, लागला रे! मोठा आहे!”

त्याची काठी कमानीसारखी वाकली होती आणि दोरी सरसरत होडीखालून फेस्टीच्या बाजूला येत होती. सोबत्याला मासा लागला की आपली दोरी पाण्यातून उचलायची, हे या सरोवरावर कुठे लिहिलेलं नाही. न उचलणाऱ्याबरोबर मात्र पुढे कोणी आपणहून बसत नाही. फेस्टीला दोन क्षण हवे होते. फक्त दोन. आणि एन्डाचा मासा होडीत आला तर संघातली जागा एन्डाची, हेही त्याला नीट कळत होतं.

“फेस्टी, अरे, केवढा आहे!” एन्डाचा आवाज चिरकला. हिवाळ्यापासून त्याचा असा हरखलेला आवाज कोणी ऐकला नव्हता.

फेस्टीने शिवी हासडली आणि दोरी उचलली. माशी पाण्यातून सुटली त्याच क्षणी तिच्याखाली एक पिवळीधमक कूस वळली आणि खोल गेली.

त्याने काठी बाजूला टाकून जाळं धरलं. “ओढू नकोस. जाऊ दे त्याला. आता घे. हळू, गाढवा, हळू!” मासा वर आला. लांब चपटं तोंड, हिरवे ठिपके, करवतीसारखे दात.

पाईक जातीचा मासा होता. ट्राउट खाऊन माजलेला, स्पर्धेत कवडीमोल.

डेला हसत सुटली. इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. फेस्टीने चिमट्याने गळ सोडवला आणि तो राक्षस पाण्यात सोडून दिला. काठावरून भोंगा वाजला. वेळ संपली.

डेलाने इंजिन सुरू केलं. चहूबाजूंनी होड्या धक्क्याकडे धावायला लागल्या.

“तुझा मासा केवढा होता?” एन्डाने विचारलं.

“कुठला मासा?”

“मी बडबड्या आहे, आंधळा नाही.”

“होता बरा.”

“दोरी उचलायला नको होतीस.”

“आणि गुंता झाला असता म्हणजे?”

“मी काही बोललो नसतो.”

“तू? तू जन्मभर बोलला असतास.”

एन्डा हसला नाही. “अटराक्टापण हेच म्हणायची,” तो म्हणाला, आणि गप्प झाला.

फेस्टी वाट बघत राहिला. आता फुटबॉल येईल, रॉकेल येईल. काहीच आलं नाही. एन्डा गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या बुटांकडे बघत बसला होता. दिवसभर हवी असलेली शांतता आता मिळाली होती आणि ती फेस्टीला सोसवेना.

“त्या बसचा हीटर,” तो एकदम वैतागून म्हणाला, “डिसेंबरपासून बिघडलाय. तीनदा सांगितलं. गॅरेजवाला म्हणतो, पोरांना कोट घाला. मी म्हटलं, कोट पोरांना आहेत रे, मला काय?”

एन्डाने मान वर केली.

“मग?”

“मग काय! आणखी त्या पुढच्या सीटवरच्या जुळ्या. एक झोपते, दुसरी ओकते. रोज. वळणावरच.”

फेस्टीला एवढं सलग बोलायची सवय नव्हती. पुढचा शब्द शोधत तो अडखळला, पुन्हा जुळ्यांकडे आला. इतर होड्या कधीच पुढे निघून गेल्या होत्या.

डेलाने इंजिनाचा वेग निम्म्यावर आणला.