ऑल्डर फोर्कचा राग

"आज जरा आवरतं घ्या, प्रोफेसर," गावच्या समितीचा प्रमुख एमिल व्होंड्रा म्हणाला. "लोकांना संध्याकाळच्या आत घर गाठायचंय. रेडिओवर नाटक असतं."

लेम्युएल हॅसब्रुकनं कॉलर सरळ केली. प्रोफेसर ही पदवी त्याला कॉलेजानं नव्हे, तंबूवाल्या कंपनीच्या जाहिरातीनं दिली होती. ती त्यानं इमानेइतबारे वापरून झिजवली होती. अमेरिकेतल्या नेब्रास्कात दर उन्हाळ्यात गावोगावी कंपनीचा तंबू लागायचा. आठवडाभर गाणी, जादू आणि ज्ञान. ज्ञानाचं खातं लेम्युएलकडे. भाषण एकच, 'मनाची नांगरट'. त्या एका भाषणापायी तारुण्य गेलं होतं आणि अर्धे दातही.

"सह्यांचं काय?" त्यानं विचारलं.

"बघू."

कंपनीची रीत अशी, की शेवटच्या दिवशी भाषण संपताच गावातल्या प्रतिष्ठितांनी पुढच्या वर्षाच्या तंबूच्या खर्चाची हमी घेऊन सह्या करायच्या. सह्या नाहीत तर तंबू नाही. वाटेतली सगळी गावं 'बघू' म्हणून गप्प बसली होती. ऑल्डर फोर्कही हातचं गेलं तर कंपनी तंबू विकून मोकळी होणार होती. प्रोफेसरला विकत घेणारं कोणी नव्हतं, आणि त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

तंबूत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. माणसं दफनवाल्याची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे हलवत होती. जिवंतपणी वारा आणि मेल्यावर पेटी, दोन्ही एकाच दुकानातून. लेम्युएलनं हात पसरले आणि म्हणाला, "प्रेंटिसच्या सुजाण नागरिकांनो..."

प्रेंटिस हे मागच्या आठवड्यातलं गाव. दर आठवड्याला नवं गाव तोंडात बसवणाऱ्याची जीभ कधीतरी घसरायचीच, पण कुठं घसरावं याला काही हिशेब असतो. प्रेंटिसवाल्यांनी एकदा घोडागाड्या आणून ऑल्डर फोर्कच्या कचेरीतलं दप्तर पळवलं होतं, आणि त्याबरोबर जिल्ह्याचं मुख्य गाव असण्याचा मानही. तेव्हापासून इथली माणसं प्रेंटिसचं मीठसुद्धा घरात आणत नसत. मागे एका गवय्यानं हीच चूक केली, तेव्हा त्याला तंबूच्या कापडाखालून सरपटत पळावं लागलं होतं.

लेम्युएल श्वास रोखून थांबला. पंखे हलत राहिले.

वाचलो, असं त्याला वाटायला हवं होतं. उलट वाटलं, इथं कुणी ऐकतच नाहीये. नांगरट अर्ध्यावर आली तेव्हा त्यानं मुद्दाम, खणखणीत आवाजात सांगितलं, "या प्रेंटिससारखं शहाणं गाव मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही."

एकानं घड्याळ पाहिलं. एकीनं पोराचं नाक पुसलं.

भाषणाचा धागा सुटला तो सुटलाच. शेवट न करताच त्यानं मान लववली. टाळ्या मात्र चोख पडल्या.

"हमी घेणाऱ्यांनी पुढं यावं," व्होंड्रानं हाक दिली. माणसं दाराकडे निघाली. तीही शिस्तीत, म्हाताऱ्यांना आधी वाट देत.

"छान झालं हो, नेहमीसारखं," व्होंड्रा म्हणाला. "सह्यांचं मनावर घेऊ नका."

"मी गावाचं नाव काय घेतलं, ऐकलंत?"

"आमचंच की." व्होंड्रानं टोपी चढवली आणि तोही गेला.

पुढच्या बाकावर हार्डवेअरच्या दुकानाची ऑगस्टा कोल्टरमन तेवढी बसून होती. दप्तर अडवताना तिच्या नवऱ्याचा हात मोडला होता, तो मरेपर्यंत वाकडाच राहिला.

"दोनदा म्हणालात," ती म्हणाली.

"मग उठला का नाहीत, ऑगस्टाबाई? चार शिव्या तरी घालायच्या."

"एकटीनं? भांडायलासुद्धा माणसं लागतात, प्रोफेसर. नाहीतर लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागलाय." तिनं पर्स मांडीवर घेतली. "आणि शेवट गाळलात तुम्ही. तुमच्या भाषणात तेवढाच बरा असतो."

"आता कुणासाठी सांगू?"

"मग मी काय बाकाचा पाय आहे?"

लेम्युएल पुन्हा मंचावर चढला. मागून कंपनीचे मजूर बाक उचलू लागले होते. तो बोलत राहिला, ते उचलत राहिले. ओळी संपत संपत पुढच्या बाकापाशी आल्या, तेव्हा एका मजुरानं नुसतं खाकरून दाखवलं. ऑगस्टाबाई उठली, बाजूला सरकली आणि पर्स धरून उभी राहिली.

त्यांनी बाक नेला. दोर सैल झाले, कापड डोक्यावर पोटासारखं लोंबू लागलं. लेम्युएलनं आवाज न चढवता वाक्य पुरं केलं आणि पुढचं घेतलं.