सात गोळ्या तुला, सात मला

मित्रांनो, डॉक्टरीणबाईंच्या टेबलामागे लोखंडी दांडीवर लोंबणारा, कोपऱ्यात आयोडीनचा डाग असलेला जुना हिरवा पडदा तो मीच. माझ्याआड लोक कपडे काढतात आणि मनातलं बोलतात. नावं मी सांगत नाही. तेवढी अब्रू मीही राखून आहे.

माझा जन्म समोरच्या शिंप्याच्या दुकानातला. त्यानं मला कापलं, त्याच्या बायकोनं माझ्या किनारीला टीप मारली. पहिल्या दिवशी माझं फार कौतुक झालं. नंतर सहा वर्षांत कौतुक सोडाच, साबणही क्वचितच दिसला.

एके दिवशी शिंपीच माझ्याआड येऊन उभा राहिला. लघवीला जळजळ होत होती. तपासणीत क्लॅमिडिया निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरसंबंधातून होणारा हा संसर्ग पुष्कळांना होतो आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली की बराही होतो. मात्र बायकोला त्रास नसला तरी तिलाही औषध हवं, आणि दोघं बरी होईपर्यंत जवळीक नको. तिला घेऊन या, असं त्यांनी दोनदा बजावलं. शिंप्यानं मान डोलावली. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणतानाही तो अशीच डोलावतो.

तीन आठवड्यांनी स्वारी पुन्हा हजर. जळजळ तशीच, वर औषधच बोगस असल्याची तक्रार. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पठ्ठ्यानं चौदा गोळ्यांची वाटणी केली होती. सात स्वतःला आणि सात बायकोला, ताकदीच्या म्हणून. एका कापडात दोघांचं भागवायची हाताला सवयच ना! मला हसू आवरेना, माझ्या कड्या खुळखुळल्या.

मग बाई म्हणाल्या, बायकोच्या पोटात हा संसर्ग मुरला तर मूल राहायला अडचण येऊ शकते. ती दोघं चार वर्षं मुलाची वाट पाहत होती. माझं हसू तिथंच मावळलं.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. तपासणीनंतर ती माझ्याआड साडी सारखी करत होती. शिंपी अलीकडे स्टुलावर बसला होता. समोरासमोर बोलायचं धाडस होईना, म्हणून तो माझ्याकडे बघून बोलू लागला.

"त्या ताकदीच्या गोळ्या नव्हत्या गं. मला आजार झालाय, तुलाही लागला असेल. सांगायची लाज वाटली."

पलीकडे बांगड्या एकदम खणकल्या.

"सगळ्या जगाची पुरी मापं घेता," ती म्हणाली, "माझ्याच वेळेला कापड आखडलंत?"

शिंपी रडू लागला आणि नाक पुसायला त्यानं मलाच ओढलं. किनार टर्रकन उसवली. ती बाहेर आली, त्याच्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "हा आजार आला कुठून, ते भांडण मी घरी करीन. तुम्ही दोन पाकिटं द्या. वेगवेगळी."

भांडण झालं म्हणे, पुरे आठ दिवस. पण गोळ्या दोघांनी पुऱ्या घेतल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, दोघंही स्वच्छ. त्या दिवशी तिनं सुईदोरा आणून माझी किनार शिवली, आणि त्यानं दोरा ओवून दिला.

मित्रांनो, मला अधूनमधून धुवा, उसवलो तर शिवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरं घ्या आणि दोघांनी घ्या. दवाखान्यात लाज राखायला मी आहेच. पण मला या खोलीच्या मापानं शिवलंय, तुमच्या घरापर्यंत मी पुरत नाही.