आतून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि माझ्यामुळे एका माणसाचे प्राण वाचले आहेत.

हे वाक्य मी बरेच दिवस मनाशी घोकून ठेवलं होतं. ऐकायला भारदस्त वाटतं. पण तपशिलात शिरलं तर एवढंच म्हणता येईल की मी फुटलो म्हणून तो माणूस वाचला, आणि मी फुटेपर्यंतची नऊ मिनिटं त्याच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये कोणी आडवं आलं असेल, तर तो मीच. शिवाय मी बाथरूमचा दरवाजा आहे. पुढच्या दरवाजाला घंटी असते, पायपुसणं असतं, पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून केस नीट करतात. माझ्यासमोर माणसं टॉवेल खांद्यावर टाकून पाय हलवत उभी राहतात.

मी आलो तेव्हा दुकानदाराने मला अस्सल सागवानी म्हणून विकलं. मीही ते खरं मानलं. सुताराने मला चौकटीत बसवलं, दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाला, "आता तीस वर्षं बघायला नको." त्यानंतर खरोखरच कोणी बघितलं नाही.

घरात पाच माणसं. आजोबा, आजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि सहावीतली नात. बाथरूम एक. सकाळी सात ते नऊ माझ्यावर जेवढ्या थापा पडत, तेवढ्या एखाद्या ढोलावरही पडत नसतील. "झालं का?" हा त्या घरातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि "आत्ताच तर आलेय!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. नात आत गोष्टीचं पुस्तक नेत असे. मुलगा फोन नेत असे. आजी कधीकधी काहीच नेत नसे, नुसता नळ सोडून उभी राहत असे. मित्रांनो, भरल्या घरात माणसाला रडायला जागा लागते. मुलाची नोकरी गेली होती तेव्हा तोही असाच नळ सोडून उभा राहिला होता. मग तोंड धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, "आज पाणी काय गार होतं!" मी कोणाला काही बोललो नाही. दरवाजाकडून एवढीच अपेक्षा असते.

आजोबांची गोष्ट वेगळी. त्यांनी कारखान्यात सदतीस वर्षं स्टोअरकीपरचं काम केलं होतं आणि कुलपाशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. त्यांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप होतं. रद्दीच्या कपाटालाही होतं. एकदा नातीने थाप न मारता मला ढकललं, तर माझी जुनी कडी निसटली आणि आजोबा साबण लावलेल्या अवस्थेत जगासमोर आले. जग म्हणजे नात आणि गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस. त्याच दुपारी आजोबांनी बाजारातून वीतभर लांबीची लोखंडी कडी आणली आणि चांगले लांब स्क्रू पिळून मला बसवली.

"अहो, बाथरूम आहे, तिजोरी नाही," आजी म्हणाली.

"आता हत्ती आला तरी उघडणार नाही," आजोबा म्हणाले.

मला फार अभिमान वाटला. आजवर मी नुसता बंद होत होतो. आता मला कोणी उघडू शकणार नव्हतं.

तो दिवस साधा होता. सकाळचे दहा वाजले होते. नात शाळेत गेली होती. मुलगा खोलीत कानाला यंत्र लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. आजोबा आंघोळीला आले, कडी लावली, पँट माझ्या आतल्या खुंटीला टांगली आणि बादलीखाली नळ सोडला. मग त्यांनी बेसिनचा काठ धरला, "अगं—" एवढंच म्हणाले, आणि खाली बसले. बसले तेही सावकाश, कोपऱ्यातल्या स्टुलाला टेकून, जणू दमले असावेत. मान मात्र एका बाजूला कलली.

बाहेर सूनबाई कपडे वाळत घालायला निघाली होती. ती थबकली.

"आई, बादली भरून वाहतेय."

"असेल वाहत."

"बाबा आत आहेत, आई."

आजीच्या हातातली भाजी तशीच राहिली. या घरात थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली आजोबा पातेलं ठेवत आणि ते पाणी झाडांना घालत. आजोबा आत असताना बादली वाहणं म्हणजे काय, हे दोघींना एकाच क्षणी कळलं.

"बाबा! बाबा, ओ द्या!"

मुलगा धावत आला. कानातलं यंत्र तसंच होतं, त्यामुळे ऑफिसातली नऊ माणसंही ऐकत होती. त्याने मला खांद्याने धडक दिली. मी हललो नाही. पुन्हा दिली. मी हललो नाही. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दोन धडकांना माझी छाती फुगली होती. तिसऱ्या धडकेनंतर मला आतून आजोबांचा श्वास ऐकू आला. खूप अंतराने येत होता. मग मात्र मला माझ्या मजबुतीची भीती वाटायला लागली.

"पेटीतला हातोडा आण!" मुलगा ओरडला.

"पेटीला कुलूप आहे!"

"किल्ली कुठाय?"

किल्ली माझ्या पाठीवर होती. टांगलेल्या पँटच्या उजव्या खिशात. त्यांनी कपाट उपसलं, उशीखाली पाहिलं, चष्म्याचं घर उलटं केलं. आणि मी जन्मभर तोंड बंद ठेवण्यात भूषण मानणारा, तसाच उभा राहिलो.

"फोडायचंच आता," सूनबाई म्हणाली.

"अगं, थांब!" आजी मध्ये आली. "फोडू नकोस, ते ओरडतील. परवाच त्यांनी स्वतःच्या हाताने कडी..."

"ओरडू देत ना, आई!" सूनबाईचा आवाज फाटला. "ओरडले म्हणजे देव पावला!"

आजीने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. नुसती झाली नाही, कॉटखालचं पाच किलोचं डंबेल तिनेच ओढून आणलं. मुलाने ते दोन वर्षांपूर्वी पोट कमी करण्यासाठी घेतलं होतं. त्याचा व्यायाम त्या दिवशी पहिल्यांदा झाला, आणि तोही सूनबाईला.

तिसऱ्या घावाला माझी वरची फळी फुटली. आतून भुसा सांडला. मी सागवानी नव्हतो, मित्रांनो. दोन पातळ फळ्या आणि मध्ये दाबलेला भुसा, एवढाच मी होतो. आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नाही. सूनबाईने त्या भोकातून हात घातला, कोपरापासून मनगटापर्यंत खरचटून घेतलं आणि कडी ओढली.

आजोबा पांढरेफटक पडले होते, पण श्वास चालू होता. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, म्हणून त्यांना जेवणाच्या खुर्चीवर बसवून खाली नेलं. आजी मागून त्यांच्या चपला घेऊन धावली.

मग घरात कोणी उरलं नाही. नळ बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तो शेजारणीने येऊन बंद केला. दुपारी नात आली. तिने माझ्या भोकातून आत पाहिलं आणि भुसा झाडून काढला. संध्याकाळी शेजारणीच्या फोनवर सूनबाईचा आवाज आला. आजोबांच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. त्यांच्या छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवणार होते. "शुद्धीवर आलेत," सूनबाई म्हणाली. "नर्सला विचारतायत, खोलीची किल्ली कोणाकडे असते." हे सांगताना ती हसत होती की रडत होती ते फोनवरून कळेना. नात मात्र सरळ माझ्यातून आत आली, नळ सोडला आणि मनसोक्त रडली. भोक असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. शेजारणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सहाव्या दिवशी आजोबा घरी आले. आल्या आल्या माझ्यासमोर उभे राहिले.

"कोणी फोडलं?"

"मी, बाबा," सूनबाई म्हणाली. हाताला अजून पट्टी होती.

आजोबांनी भोकात बोटं घालून पाहिली. पट्टीकडे पाहिलं. "एवढी जाड कडी लावायला नको होती," ते म्हणाले. आजोबांनी आयुष्यात मागितलेली ही पहिली माफी असावी. मग घसा खाकरून म्हणाले, "पण कामात कसर नव्हती हो."

"बाबा, आता ओरडा ना थोडं," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी कडी लावायला बंदी घातली होती. मुलाने ती काढून टाकली आणि भोकावर मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. 'वरची बाजू' असा छापलेला बाण त्याने जमिनीकडे ठेवला आहे. आता आजोबा आंघोळीला गेले की आजी बाहेर स्टूल टाकून बसते.

"आहात ना?"

"आहे!"

"मग बोला की काहीतरी."

"काय बोलू? साबण लावतोय."

"कुठला?"

चाळीस वर्षांच्या संसारात हे दोघं एकमेकांशी इतकं बोलले असतील असं मला वाटत नाही. परवा आजोबांनी पुठ्ठ्यातून तिला लग्नाआधीची एक गोष्ट सांगितली. पाणी गार झालं तरी संपली नव्हती. "झालं का?" असं कोणी विचारलं नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरच्या बाथरूमच्या दाराकडे आज जरा बघा. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी मिळते. ती लावा. आणि आत कोणी म्हातारं माणूस असेल, तर बाहेरून अधूनमधून काहीतरी विचारत राहा. साबणाबद्दल विचारलं तरी चालतं.

माझ्या जागी नवा दरवाजा घ्यायचं ठरलं. मला वाईट वाटलं नाही. मोजमाप आजोबांनी स्वतः घेतलं, टेपचं दुसरं टोकसुद्धा कोणाला धरू दिलं नाही. काल नवा दरवाजा आला. तो चौकटीपेक्षा पाऊण इंचाने मोठा आहे.