पुनमच्या वाढदिवसाचं पान

हणमंतरावानं पहिली लाथ खुर्चीला घातली, दुसरी मला. मी फळ्याखाली आपटले.

"तारीख बदल, बाई! आत्ताच्या आत्ता!"

तारीख म्हंजे त्याच्या पुतणीची, पुनमची जन्मतारीख. निलंग्याजवळच्या शाळेत मी आठवीला शिकवते. वर्गासाठी साधी वेबसाइट केली होती. गृहपाठ, हजेरी आणि वाढदिवसाचं पान. रजिस्टरात बघावं तर अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला! म्हणून घरोघर फिरून आयांना खऱ्या तारखा विचारल्या. पुनमची आई सिंधु म्हणली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. चौदा झाली की हो माझी लेक."

अन् उद्या त्या लेकराचं लग्न! बाप गेलेला, चुलत्याचं राज्य. यानं आधारवर अठरा करून आणले. पण लग्न लावणाऱ्या पंचाक्षरी स्वामींनी मोबाईलवर माझं पान बघितलं आणि म्हणले, मी लावणार न्हाई. म्हणून हा रविवारी मला शाळेत गाठून मारत होता.

"न्हाई बदलत! काय करायचं ते कर, मेल्या!"

त्यानं माझा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि खण लाथेनं बंद केला. बोटं कडकन मोडली. लई बोंबलले मी. मग डाव्या हातानं, रडत, मोबाईलवर पानातल्या चौदाचे अठरा केले. लाज वाटली मला माझी, पण केले.

त्यानं लगेच स्वामींना फोन लावला, स्पीकरवर. "उघडा पान. बाईची चूक झालती."

तिकडं पान उघडलं. मग स्वामी वाचायला लागले. "मी पुनम. मी चौदा वर्षांची हाय. मला घरात कोंडलंय. कुणीतरी या."

रोजची हजेरी पुनमच भरायची. पासवर्ड मीच दिलता. आईचा मोबाईल घेऊन पोरीनं माझं खोटं पुसलं होतं.

"जित्ती ठेवत न्हाई तिला!" हणमंतरावानं फोन फेकला, घंटेचा लोखंडी दांडा उचलला आणि दाराकडं वळला.

मी त्याचा पाय धरला. एका हातानं धरवेना, म्हणून पोटरीत दात रोवले. दांडा पाठीवर बसला. परत बसला. खांदा निखळला. तोंडात त्याचं रक्त आलं, थुंकले न्हाई. त्यानं दुसऱ्या पायानं माझ्या तोंडावर मारलं. सोडीन तर तो तिला मारंल, एवढंच डोक्यात होतं.

बाकाखाली पडलेला फोन चालूच होता. स्वामी पळता पळता ओरडत होते, "बाई, सोडू नका! पुनमच्याच गल्लीत हाय मी, माणसं घेऊन निघालो!"

दांडा परत बसला. मग फोनमधून कुलूप फोडायचा आवाज आला, बायांचा गलका आला आणि पुनमचं मोठ्यानं रडणं आलं.

तवा कुठं मी दात सोडले.