चार कोठ्यांची पूजा

पुलाचं भूमिपूजन चार वेळा झालं होतं. जमीन इतकी पवित्र झाली, की तिच्यावर काही बांधायची हिंमत पंचवीस वर्षं कोणाला झाली नाही. दर पावसाळ्यात हायवे रपट्यावरून, म्हणजे पात्रातल्या बुटक्या फरशीवरून, नदीत उतरायचा आणि पाणी ओसरेपर्यंत वर यायचा नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की नदीत चाळीस हात खोल नुसती वाळू आहे; खडक आहे तो दोन्ही काठांना. म्हणजे मधे खांब नकोच. या काठावरून त्या काठावर काँक्रीटची एकच कमान.

ती कमान आज स्वतःच्या पायावर उभी राहायची होती. भूमेश्वरी रहांगडाले ही गावचीच लेक साइट इंजिनियर होती, आणि ही तिची पहिली कमान. काँक्रीट महिनाभर लोखंडी सांगाड्यावर टेकलेलं होतं. सांगाडा आठ डब्यांवर, चार या काठाला, चार त्या. डब्यांत कोरडी वाळू. खालच्या भोकाचा बोळा काढला की वाळू गळते, सांगाडा हळूहळू बसतो आणि कमान आपला भार आपण घेते. फक्त दोन्हीकडून सारखी गळायला हवी. नाहीतर कमानीला तडा, आणि भूमेश्वरीच्या नावालाही.

तिनं शिट्टी मारली. पलीकडची वाळू सुरसुर गळू लागली. अलीकडचे बोळे निघाले, वाळू निघाली नाही.

"बंद करा!" ती ओरडली. तेवढ्यात पलीकडची बाजू दोन मिलिमीटर उतरलीच.

मुकादम योगराजनं भोकात बोट घातलं. "मॅडम, ओली हाय. गुळावानी बसली."

"पाऊस नाही, काही नाही. ओली झालीच कशी?"

काठावर बघायला बसलेल्या बाया एकदम पदर सावरू लागल्या.

"मोठीमाय?" भूमेश्वरीनं आपल्या थोरल्या काकूकडे पाहिलं.

"आता नवी कोठी बसली तं पूजा नाई करा लागत काय?" चमेलीबाई म्हणाल्या. "काँक्रीटच्या ढलाईच्या दिवशी एकेक लोटा पानी घातलं. चारही कोठ्याइले."

"अगं, त्या धान्याच्या कोठ्या नाहीत!"

"खाली भोक, भोकाले बोळा. कोठी नाई तं काय टीव्ही हाय?"

"आणि पलीकडच्या चार?"

"त्या पलीकडच्या गावाच्या. त्याइची पूजा आमी काऊन करू?"

हद्दीची ही काटेकोर जाणीव निविदेत धरलेली नव्हती. गोंदियाच्या मोठ्या साहेबांनी फोनवर 'बघून घ्या' असा सविस्तर सल्ला दिला. भूमेश्वरीच्या पुस्तकात ओल्या वाळूवर एकच वाक्य होतं: वाळू ओली होऊ देऊ नये.

"घन आना," योगराज म्हणाला. "चार ठोकतो, सुटते का नाई पाहू."

"थांब नं बापा," चमेलीबाई उठल्या. "ठोकशीन तं सारा गोळा एकदम पडन. ओलं धान असंच बसते कोठीत. बांबूची कमची दे. कोरून काढा लागते."

भूमेश्वरीनं घनाकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं. "एका वेळी किती निघेल?"

"मूठभर."

"मग मूठभरच. मी शिट्टी मारीन तेव्हाच."

चार डब्यांशी चार बाया बसल्या. आधी अलीकडची बाजू दोन मिलिमीटर उतरवली. मग एका शिट्टीला दोन्हीकडे एकेक मूठ. पलीकडच्या मजुरांची वाळू तयार, पण हात आखडून बसायची वेळ.

"एवढ्यात तं धानाचा रोवणा झाला असता वं!" तिकडून टोमणा आला.

"हाव, झाला असता! तुमचा चिखलही आमीच करून दिला असता!" चमेलीबाई भोकातून नजर न काढता ओरडल्या.

दुपार कलली तेव्हा सांगाड्याच्या फळ्या आणि काँक्रीट यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली. कमान सुटली होती. भूमेश्वरी मापाच्या काट्यासमोर अर्धा तास बसून राहिली. काटा सहावर थांबला, तो थांबलाच. हिशेबानं दहापर्यंत चाललं असतं.

"किती उतरली वं?" चमेलीबाईंनी विचारलं.

"सहा मिलिमीटर. तीन तांदूळ आडवे ठेव, तेवढी."

"बस? एवढ्यासाठी माही कंबर मोडली?"

"हो," भूमेश्वरी म्हणाली.

कमानीखालून जायला कोणी धजेना. योगराजला तर अचानक काठावरचीच कामं आठवली. भूमेश्वरीनं जेवणाचा डबा उचलला, नदीच्या वाळूत उतरली आणि बरोबर मध्यभागी, कमानीखाली जाऊन बसली. पहिला घास घेतला तोच मागून पावलं वाजली.

"सरक," चमेलीबाई म्हणाल्या. "सावलीत एकटीच बसून राहिली."